अंड्यावरच्या कोंबडीचे आजार आणि अंड्यांच्या तक्रारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परसात, गच्चीवर किंवा शेतावर पाच-दहा कोंबड्या पाळणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. हजारो पक्ष्यांच्या व्यावसायिक शेडचे गणित वेगळे असते आणि ते येथे घेतलेले नाही. बहुतेक प्रश्न अंड्याबद्दल विचारले जातात, पण त्यांची उत्तरे कोंबडीच्या अंगावर, तिच्या विष्ठेत आणि खाद्याच्या भांड्यात सापडतात. म्हणून प्रत्येक उत्तरात आधी कोंबडी तपासण्यास सांगितले आहे.

१. माझ्या कोंबडीने अंडी देणे अचानक बंद केले. ती आजारी आहे का?

बहुतेक वेळा नाही. कोंबडी खात-पीत असेल, माती उकरत असेल आणि तिचा तुरा लाल असेल, तर अंडी थांबण्याचे कारण सहसा नैसर्गिक असते. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंड्यांची एक खेप देऊन खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते, आणि वर्षाकाठी तिची अंडी साधारण ५० ते ७० च्या घरात राहतात. शहरातील हौशी पालक गावठी कोंबडी विकत घेतात आणि पोल्ट्रीच्या कोंबडीप्रमाणे तिच्याकडून रोजच्या अंड्याची अपेक्षा धरतात. तक्रारींचा मोठा भाग या गैरसमजातून येतो.

दुसरे कारण पिसे गळण्याचे असते. जुनी पिसे टाकून नवी येईपर्यंत दोन ते तीन महिने कोंबडी अंडी देत नाही, कारण आहारातील प्रथिने पिसांकडे वळतात. तिसरे कारण उजेडाचे. अंडी नियमित येण्यासाठी दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो आणि आपल्याकडे डिसेंबरातला दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. याशिवाय मोकाट फिरणारी कोंबडी सरपणाच्या ढिगात किंवा केळीच्या बुंध्याशी गुपचूप अंडी घालत असते, हेही तपासून पाहावे. यांपैकी काहीच लागू पडत नसेल, तर प्रश्न ३ पाहा.

२. अंडे तयार व्हायला किती वेळ लागतो? मध्येच एखादा दिवस का चुकतो?

एका अंड्याला सुमारे २४ ते २६ तास लागतात. बलक बीजांडकोशातून सुटला की अंडनलिकेत त्याच्याभोवती सुमारे तीन तासांत पांढरा भाग चढतो, पुढे तासा-सव्वा तासात पापुद्रे तयार होतात आणि उरलेले जवळजवळ वीस तास कवच चढण्यात जातात. चक्र २४ तासांहून थोडे मोठे असल्याने अंडे रोज थोडे उशिरा येते आणि शेवटी एखादा दिवस चुकतो. हा खंड आजाराचा नसतो. कोंबडीत साधारणपणे डावा बीजांडकोश आणि डावी अंडनलिकाच काम करते, उजवी बाजू अविकसित राहते. ही गोष्ट प्रश्न १७ मध्ये उपयोगी पडेल.

३. कोंबडी खरोखर आजारी आहे हे कसे ओळखावे?

कोंबडी आपला आजार लपवते, कारण कळपात दुबळी दिसणारी कोंबडी टोचली जाते. त्यामुळे ती पिसे फुगवून, मान आत ओढून, डोळे अर्धवट मिटून कोपऱ्यात उभी राहिलेली दिसते, तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. अशी कोंबडी संध्याकाळी, ती शांत असताना, हातात घ्यावी आणि क्रमाने तपासावी.

छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस लागते का ते पाहावे. हाड सुरीसारखे टोकदार लागत असेल, तर कोंबडी कित्येक दिवस नीट खात नाही किंवा तिला जंत झाले आहेत. गळ्याखालची अन्नाची पिशवी सकाळी रिकामी असावी. सकाळीही ती पिठाच्या गोळ्यासारखी भरलेली असेल, तर अडचण पचनाची आहे. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना ओटीपोटाची दोन बारीक टोकदार हाडे बोटांना लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटे मावली, तर कोंबडी अंड्यावर आहे. एकच बोट कसेबसे मावत असेल, तर ती सध्या अंडी देत नाही आणि ‘अंडे अडकले असेल’ ही शंका बहुधा सोडून द्यायला हरकत नाही. शेवटी पंखाखाली आणि गुदद्वाराभोवती पिसे बाजूला सारून उवा व लहान तांबड्या पिसवा (रेड माइट) पाहाव्यात. तांबड्या पिसवा दिवसा खुराड्याच्या फटींत लपतात आणि रात्री रक्त पितात, म्हणून रात्री टॉर्च घेऊन बसण्याच्या दांड्याची खालची बाजूही बघावी. फिकट तुरा आणि घटलेली अंडी यांचे कारण पुष्कळदा तेथेच सापडते.

४. अंडे अडकले आहे हे कसे कळते?

अंडे अडकलेली कोंबडी वारंवार घरट्यात जाते आणि अंडे न घालता बाहेर येते. ती शेपटी खाली टाकून, पाय फाकवून उभी राहते, मधूनमधून जोर करते आणि त्याबरोबर शेपटीच्या मुळाशी हालचाल दिसते. विष्ठा थांबते किंवा थोडी, पातळ आणि पांढरी पडते. अंडे आतल्या नसांवर दाबत असेल, तर कोंबडी लंगडते आणि पायाला दुखापत झाली आहे असा समज होतो.

खात्री करायची असेल, तर नखे कापून, हातमोजा घालून, खोबरेल तेल लावलेले एक बोट गुदद्वारातून सरळ आत अलगद घालावे. अंडे अडकले असेल, तर बहुधा बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंतच कठीण, गोल पृष्ठभाग लागतो. बोट मोकळे गेले, म्हणजे निदान वेगळे आहे किंवा अंडे खूप वर आहे. दोन्ही वेळा घरगुती उपाय पुरेसे नसतात. तरुण कोंबडीचे पहिले अंडे, लठ्ठपणा, कॅल्शियमची कमतरता, नेहमीपेक्षा मोठे अंडे आणि म्हातारपण ही अंडे अडकण्याची नेहमीची कारणे आहेत.

५. अंडे अडकले आहे आणि डॉक्टर लगेच मिळत नाहीत. घरी काय करावे?

सर्वप्रथम कोंबडीला कळपातून वेगळे काढून शांत, अंधाऱ्या जागी ठेवावे. घमेल्यात किंवा टबात कोमट पाणी घ्यावे. कोपर बुडवल्यावर ते सुखावह वाटले पाहिजे, म्हणजे ३८ ते ४० अंश सेल्सिअसच्या आसपास. कोंबडीचे पोट आणि गुदद्वार बुडेल एवढ्याच पाण्यात तिला वीस ते तीस मिनिटे बसवावे आणि पंखांवर दोन्ही हात हलके ठेवावेत. बहुतेक कोंबड्या पाच मिनिटांत शांत होतात, काही तर डोळे मिटतात. नंतर पंचाने टिपून कोरडे करावे, गुदद्वाराच्या कडेला आतून खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी आणि सुका पेंढा घातलेल्या खोक्यात किंवा डालग्याखाली ठेवावे. थंडीच्या दिवसांत एका बाजूला अंतर राखून पिवळा बल्ब लावावा, मात्र उष्णता जास्त वाटल्यास कोंबडीला दुसऱ्या बाजूला सरकता आले पाहिजे.

अंडनलिकेचे स्नायू आकुंचन पावण्यासाठी कॅल्शियम लागते, म्हणून पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात मिळणारे डी-३ जीवनसत्त्व असलेले पातळ कॅल्शियम द्यावे. मात्रा फोनवरून का होईना डॉक्टरांना विचारावी. ते चोचीच्या कडेला थेंब थेंब लावून कोंबडीला स्वतः गिळू द्यावे. सिरिंजने जोरात सोडू नये, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे असते आणि औषध फुप्फुसात गेले, तर कोंबडी अंड्याने न मरता औषधाने मरते.

तासाभरात अंडे आले नाही, तर शेक पुन्हा द्यावा. यात एक अपवाद आहे. एप्रिल-मे मधल्या दुपारी, विशेषतः विदर्भात आणि मराठवाड्यात, कोंबडी आधीच चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल, तर कोमट पाण्याचा शेक देऊ नये. तिला प्रथम सावलीत व हवेशीर जागी आणून पाणी पाजावे आणि शेक संध्याकाळी द्यावा. अडकलेले अंडे २४ ते ४८ तासांत जीव घेऊ शकते, त्यामुळे दोन-तीन प्रयत्नांनंतर ‘उद्या बघू’ असे म्हणू नये.

६. पोट दाबून अंडे बाहेर काढावे का? गावात सुईने फोडून काढतात, ते चालेल का?

पोट दाबू नये. आत अंडे फुटले, तर कवचाचे तुकडे अंडनलिका चिरतात, बलक आत पसरतो आणि प्रश्न ११ मधील अवस्था ओढवते. अंडे बाहेरून दिसत असेल तर तेल लावावे, वाट पाहावी आणि कोंबडी स्वतः जोर करेल तेव्हा फक्त कडा बोटाने सैल करावी. सुईने आतले द्रव्य ओढून कवच मोकळे करण्याची पद्धत पशुवैद्यक वापरतात, पण तो त्यांचा शेवटचा उपाय असतो.

ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दुकानातून आणून स्वतः टोचण्याबद्दलही विचारणा होते. पक्ष्यांमध्ये अंडे बाहेर ढकलण्याचे काम मुख्यतः वेगळे संप्रेरक करते. शिवाय अंडे नलिकेला चिकटलेले असताना जोराचे आकुंचन घडवल्यास नलिका फाटू शकते. हे औषध घरी वापरण्याचे नाही.

७. अंडी मऊ येतात, कवचच नसते, नुसता पापुद्रा असतो. असे का होते?

एकच अंडे असे आले असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. कुत्र्याने पाठलाग केला, रात्री फटाके वाजले किंवा तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, नुकतीच अंड्यावर आली, तरी असे होते. मात्र आठवडाभर हेच चालू राहिले, तर कारण शोधावे लागते.

एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते आणि त्यातला बराच भाग रात्री, कोंबडी दांड्यावर झोपलेली असताना चढतो. आहारातून तेवढे कॅल्शियम आले नाही, तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. म्हणून मऊ अंडी ही पुढे येणाऱ्या लंगडेपणाची आणि अंडे अडकण्याची आगाऊ सूचना असते. गच्चीवरच्या बंद खुराड्यात ऊन लागत नसेल, तर ड जीवनसत्त्व कमी पडते आणि दिलेले कॅल्शियमही नीट शोषले जात नाही.

उन्हाळ्यातील पातळ कवचाचे कारण वेगळे असते. उष्णतेने कोंबडी धापा टाकू लागली की तिच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवचासाठी लागणारे कार्बोनेट पुरत नाही. शिवाय ती खातेही कमी. येथे नुसते कॅल्शियम वाढवून भागत नाही. छपरावर गवत किंवा ओली गोणपाटे घालावीत, माठातले थंड पाणी दिवसातून दोन-तीनदा बदलावे आणि खाद्य पहाटे व सूर्यास्ताच्या सुमारास द्यावे.

८. आम्ही तांदूळ, गहू आणि उरलेली भाकरी घालतो. तेवढे पुरत नाही का?

दिवसभर मोकळी फिरून किडे, गांडुळे आणि पालापाचोळा खाणाऱ्या, कमी अंडी देणाऱ्या गावठी कोंबडीला ते बरेचसे पुरते. कावेरी, ग्रामप्रिया किंवा ऱ्होड आयलँड रेडसारखी जास्त अंडी देणारी कोंबडी बंदिस्त ठेवून धान्यावर पोसली, तर तिचे शरीर झिजते. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने आणि ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम हवे. लेयर मॅशमध्ये, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात, ते असते, धान्यात कॅल्शियम जवळजवळ नसतेच.

शिंपल्यांचा भरड चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवावा. कोंबडी गरजेप्रमाणे तो खाते, आणि संध्याकाळी खाल्लेले भरड कण पोटात सावकाश विरघळून रात्रभर कॅल्शियम पुरवतात. बारीक पूड लवकर निघून जाते. अंड्याची टरफले घालायची असल्यास भाजून, ओळखू येणार नाहीत इतकी चुरून घालावीत, नाहीतर कोंबडीला स्वतःची अंडी फोडून खाण्याची सवय लागते. लेयर मॅश तीन महिन्यांच्या पिलांना मात्र घालू नये, कारण जास्तीचे कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना अपाय करते.

९. शिंपले, लेयर मॅश, ऊन, सगळे आहे. तरीही अंडी मऊ आणि वेडीवाकडी येतात. आता काय?

मग संसर्गाचा विचार करावा. मानमोडीतून, म्हणजे राणीखेत रोगातून, वाचलेल्या कोंबड्या बरेच दिवस मऊ व विचित्र आकाराची अंडी देतात. संसर्गजन्य ब्राँकायटिस या श्वसनमार्गाच्या विषाणूजन्य रोगात कवचाला सुरकुत्या पडतात आणि अंडे फोडल्यावर पांढरा भाग पाण्यासारखा पसरतो. या रोगाने लहानपणीच अंडनलिका खराब झाली असेल, तर कोंबडी दिसायला धडधाकट राहूनही तिचे अंडे बाहेर येत नाही. कोंबड्या निरोगी दिसत असताना अंडी एकाएकी घटली, तपकिरी कवचाचा रंग उडाला आणि पाठोपाठ बिनकवचाची अंडी येऊ लागली, तर ‘एग ड्रॉप सिंड्रोम’ या विषाणूजन्य रोगाची शंका घेतात. त्याचे मूळ यजमान बदके व हंस आहेत, म्हणून कोंबड्यांना बदकांच्या डबक्याचे पाणी पिऊ देऊ नये.

या रोगांवर नेमके औषध नाही. मानमोडीच्या लसी वेळेवर द्याव्यात. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आर-टू-बी असा क्रम सर्वसाधारणपणे ठेवतात. आर-टू-बी अंड्यावर आलेल्या कोंबडीला देणे टाळतात, कारण त्यामुळे अंडी घटतात.

१०. गुदद्वारातून लाल मांसल भाग बाहेर आला आहे. काय करावे?

कोंबडीला त्याच क्षणी वेगळे काढावे. लाल रंग दिसला की बाकीच्या कोंबड्या टोचतात आणि अर्ध्या तासात आतडी ओढून काढतात. अंग बाहेर आलेल्या पुष्कळ कोंबड्या त्या टोचण्यानेच मरतात. बाहेर आलेला भाग कोमट मिठाच्या पाण्याने धुवावा आणि त्यावर मध किंवा साखरेचा घट्ट पाक काही मिनिटे लावावा. त्याने सूज ओसरते. नंतर तेल लावलेल्या बोटाने तो भाग अलगद आत सारावा आणि मिनिटभर तसाच धरावा. आत अंडे लागत असेल, तर आधी प्रश्न ५ मधले उपाय करावेत.

भाग पुन्हा पुन्हा बाहेर येत असेल, काळपट पडला असेल किंवा फाटला असेल, तर टाके घालण्याचे काम डॉक्टरांचे आहे. जखम भरेपर्यंत अंडी थांबवण्यासाठी कोंबडीला रोज आठ तासांहून जास्त उजेड मिळणार नाही अशा जागी ठेवावे.

११. कोंबडीचे पोट पाण्याच्या फुग्यासारखे झाले आहे आणि ती अंग उभे धरून चालते. हे अंडेच आहे का?

बहुधा नाही. बलक अंडनलिकेत न जाता पोटाच्या पोकळीत पडत राहिला आणि त्यात ई. कोलायसारखे जिवाणू वाढले, की पोटाला सूज येते, पाणी भरते आणि कोंबडी अंग उभे धरून चालू लागते. कधी कधी अंड्याऐवजी चिवट, पिवळसर, थरांचा गोळा बाहेर पडतो. तो अंडनलिकेतला साठलेला पू असतो. अशा वेळी शेक आणि कॅल्शियम यांत वेळ घालवू नये.

डॉक्टर पाणी काढतात, प्रतिजैविके देतात आणि कोंबडीला काही आठवड्यांचा आराम मिळतो, परंतु बहुतेकदा त्रास परत येतो. पोट भरल्यामुळे कोंबडीला धाप लागत असेल, ती खात नसेल आणि उठत नसेल, तर डॉक्टरांकडून तिला वेदनारहित मरण देणे हा योग्य निर्णय आहे, असे आमचे मत आहे.

१२. कोंबडी दिवसभर घरट्यात बसून असते. अंडे अडकले आहे की ती खुडूक झाली आहे?

हात जवळ नेऊन पाहावा. खुडूक कोंबडी पिसे फुलवते, गुरगुरते, चोच मारते आणि दिवसातून एक-दोनदा उठून मोठी, दुर्गंधी विष्ठा टाकते. छातीखालची पिसे उपटलेली दिसतात. अंडे अडकलेली कोंबडी मात्र मलूल असते आणि हात लावला तरी प्रतिकार करत नाही. पिले नको असतील, तर खुडूक कोंबडीला तळाला जाळी असलेल्या, खालून हवा लागणाऱ्या पिंजऱ्यात पेंढा न घालता तीन-चार दिवस दाणापाणी देऊन ठेवावे. पाण्यात बुडवणे किंवा नाकपुडीत पीस खुपसणे हे जुने प्रकार क्रूर आहेत आणि गरजेचेही नाहीत.

१३. औषध चालू असताना अंडी खावीत का? आणि मऊ किंवा रक्ताचा डाग असलेली अंडी?

प्रतिजैविके आणि जंतांची औषधे अंड्यात उतरतात. औषध लिहून घेतानाच अंडी किती दिवस खायची नाहीत हे डॉक्टरांकडून विचारून घ्यावे आणि तोवरची अंडी पुरून टाकावीत, शेजाऱ्यांना वाटू नयेत. माणसांसाठी आणलेल्या उरलेल्या गोळ्या कोंबडीला देऊ नयेत. ‘वाढीची पावडर’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्याही घेऊ नयेत. त्यांत पूर्वी सर्रास मिसळल्या जाणाऱ्या कोलिस्टिन या प्रतिजैविकावर केंद्र सरकारने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता बंदी घातली आहे.

निरोगी कोंबडीच्या अंड्यात रक्ताचा बारीक ठिपका असेल, तर अंडे शिजवून खाता येते. बिनकवचाचे अंडे खाऊ नये, कारण जिवाणूंना अडवणारे कवच त्याला नसते.

१४. एकाच वेळी तीन-चार कोंबड्यांची अंडी बंद झाली आणि एक मेली. काय करावे?

येथे एका कोंबडीचे उपचार बाजूला ठेवून रोगाची साथ गृहीत धरावी. हिरवट हगवण, मान वाकडी होणे, तुरा निळसर पडणे, चेहऱ्यावर सूज किंवा लागोपाठ मृत्यू दिसल्यास कोंबड्या विकू नयेत, कापू नयेत आणि मेलेला पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर कळवावे. देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात आढळला आणि जानेवारी २०२१ मध्ये तो परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात दिसला, त्यामुळे हा रोग दूरचा मानू नये. त्याची खात्री भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. डोळ्यांनी पाहून मानमोडी आणि बर्ड फ्लू यांत फरक करता येत नाही.

१५. बरी झालेली कोंबडी कळपात पुन्हा कशी सोडावी?

दोन आठवडे वेगळी राहिलेली कोंबडी कळपाला परकी वाटते. आधी तीन-चार दिवस तिचा पिंजरा इतर कोंबड्यांना दिसेल असा ठेवावा, मग अंधार पडल्यावर तिला दांड्यावर बसवावे आणि पुढचे दोन दिवस दाणा दोन ठिकाणी टाकावा. गुदद्वाराजवळची जखम पूर्ण सुकल्याशिवाय तिला सोडू नये.

१६. एकाच कोंबडीचे अंडे दर दोन-तीन महिन्यांनी अडकते. कायमचा उपाय आहे का?

आधी वजन पाहावे. मका, तांदूळ आणि शेव-फरसाणाचा खाऊ मिळणाऱ्या घरगुती कोंबडीच्या पोटात चरबी साठते आणि अंडनलिकेची वाट अरुंद होते. खाऊ बंद करावा, फिरायला जागा द्यावी आणि कृत्रिम उजेड लावत असल्यास तो काढून टाकावा. मोठी किंवा दोन बलकांची अंडी देणाऱ्या कोंबडीला जास्त उजेडाने आणखी मोठी अंडी येण्यास प्रोत्साहन मिळते. एवढे करूनही त्रास थांबला नाही, तर मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर किंवा शिरवळ येथील पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दवाखान्यात तिला दाखवावे. तेथे क्ष-किरण किंवा सोनोग्राफीने आतली स्थिती कळू शकते. अशा कोंबडीची अंडी उबवणीसाठी ठेवू नयेत.

१७. आमची कोंबडी अंडी देणे बंद करून चक्क आरवायला लागली. घरातले अपशकुन म्हणतात. कापावी का?

आरवण्याच्या कारणावरून कापण्याची गरज नाही. कळपात कोंबडा नसेल, तर वरचढ कोंबडी कधी कधी आरवते आणि अंडीही देत राहते. अंडी थांबून तुरा मोठा झाला आणि नवी पिसे कोंबड्यासारखी आली असतील, तर आजाराने किंवा गाठीने डावा बीजांडकोश निकामी झाला असण्याची शक्यता असते. त्याचे स्त्री-संप्रेरक थांबले की अविकसित राहिलेली उजवी ग्रंथी वाढून पुरुष-संप्रेरक तयार करू लागते. अशी कोंबडी पुन्हा अंड्यावर येण्याची आशा थोडीच, पण ती खात-पीत असेल तर कळपात राहू शकते. पोटात गाठ किंवा पाणी लागते का, हे मात्र प्रश्न ३ व ११ प्रमाणे महिन्यातून एकदा तपासत जावे.